माध्यम : शटर, शिक्के, कोळसा

मराठी घरात ‘माध्यम’ हा शब्द निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला. मराठी की इंग्रजी? मग कुणीतरी समेट घडवल्यासारखं ‘सेमी’ म्हणतं, त्यावर तासभर वाद होतो आणि पोहे गार होतात. त्यामुळे फोर्टातल्या एका गॅलरीत भिंतीवरची इंग्रजी चिठ्ठी मी आत्याला ‘मिश्र माध्यम’ अशी वाचून दाखवली, तेव्हा ती समजुतीने मान हलवून म्हणाली, “म्हणजे सेमी.”

‘गॅलरी’ या शब्दाचंही तेच. आत्याचं आयुष्य गिरगावात चाळीत गेलं. तिथे गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची, पापडांवरचे कावळे हाकलायची आणि समोरच्या बिऱ्हाडात कोण पाहुणा आला ते ताडायची जागा. काचेचं दार, थंडगार हवा, पांढऱ्या भिंती, आत चिटपाखरू नाही आणि टेबलामागे लॅपटॉपमध्ये डोकं घातलेली एक मुलगी, असली गॅलरी तिला स्पेशालिस्टच्या दवाखान्यासारखी वाटली. दारातच तिने माझी बाही ओढली. “चपला काढायच्या का रे?”

हसू नका. नाटकाच्या तिकिटाला पाचशे रुपये मोजताना आपला हात अडत नाही. इथे प्रवेश फुकट, तरी आपण दारात चपलांचा विचार करत उभे. फुकट गारवा मिळतो म्हणून आपण मॉलमध्ये फेऱ्या मारतो, बँकेत काम नसताना पासबुक भरून घेतो. गॅलरीत मात्र ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ म्हणून जात नाही. मॉलमधलं जसं सगळं कळतं!

आत्याला हा नाद लागला तो राणीच्या बागेत. ती महापालिकेच्या एका वॉर्ड ऑफिसात आवक-जावक सांभाळायची. एकतीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झाली. २०१३ साली नातवाला हत्ती दाखवायला म्हणून भायखळ्याला गेली, तर शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर एक अजस्र जाळं लटकलेलं. कोळ्याचं असतं तसं. जवळ जाऊन पाहते तो ते मोठाल्या शिक्क्यांचं. आपल्या कचेरीतल्या रबरी शिक्क्यांचे थोरले भाऊ. रीना सैनी कल्लाट या चित्रकर्तीने मुंबईतल्या रस्त्यांची इंग्रजी अमदानीतली, आता बदललेली नावं त्या शिक्क्यांवर घातली होती.

नातू हत्तीकडे ओढतोय आणि ही जाळ्याखाली खांबासारखी उभी. “हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी झाला, लॅमिंग्टनचा डॉक्टर भडकमकर, वॉर्डन रोडचा भुलाभाई देसाई...” पाढे म्हणावेत तशी म्हणत गेली. रात्री मला फोन. “अरे, आमच्या ऑफिसातली कोळिष्टकं एकतीस वर्षांत कुणी झाडली नाहीत. हिने ती बाहेर आणून टांगलीयेत. शिक्के झकास आहेत. पण दिनांक कुठाय? दिनांक नसेल तर कागद जमा धरत नाहीत.”

या कामावर जाणकारांनी वसाहतवाद, स्मृती वगैरे बरंच लिहिलं असणार. दिनांक फक्त आत्याने विचारला. नाव बदलायचा ठराव एका बैठकीत होतो. टॅक्सीवाल्याला मात्र अजूनही लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं, डॉक्टर भडकमकर म्हटलं तर तो दवाखान्याचं नाव विचारतो. मग रस्त्याचं नाव नक्की कुठल्या तारखेला बदललं? विचारा कुठल्याही वॉर्ड ऑफिसात.

आता आपल्या वर्तमानपत्रांकडे वळू. मराठी वर्तमानपत्रात चित्रकार तीनदा येतो. लिलावात, वादात आणि निधनात. मधल्या काळात तो काय करतो याची कुणी चौकशी करत नाही. वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २०२१ साली जवळपास ४० कोटी रुपयांना गेलं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळपासून जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘अभिमान आहे!’ चित्र कसं आहे, हे एकानेही विचारलं नाही. दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी कॅनव्हासचा चौरस फुटाचा भाव काढला. मलबार हिलपेक्षा जास्त निघाला. तेव्हा कुठे सगळ्यांना चित्र कळलं.

दुसरी घराघरांत पोचलेली गोष्ट म्हणजे केळं. मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन गृहस्थांनी २०१९ साली मियामीच्या कलाजत्रेत चिकटपट्टीने भिंतीला लावलेलं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचे ६२ लाख डॉलर आले आणि घेणाऱ्याने ते खाऊन टाकलं. तेव्हापासून आजची कला म्हटलं की मराठी माणूस केळ्याचं नाव काढतो आणि विषय मिटवतो. कॅटेलान आपल्याला पाठ. चंद्रपूरचे प्रभाकर पाचपुते ठाऊक आहेत का?

नसतील. म्हणून थोडं सविस्तर सांगतो. राजुऱ्याकडे सास्ती म्हणून कोळशाच्या खाणीचं गाव आहे. पाचपुते तिथले, जन्म १९८६ चा. घरातल्या आधीच्या पिढ्यांनी खाणीत काम केलेलं. हे खैरागडला आणि मग बडोद्याला शिल्पकला शिकले आणि हाती काय घेतलं, तर कोळसाच. त्यांच्या अनेक कामांत कॅनव्हास, चौकट, खिळा असलं काही नाही, थेट भिंतीवर कोळशाने चित्र. माणसं असतात, पण धडावर डोक्याच्या जागी दिवा किंवा एखादं यंत्र. जमीन असते, पण पोट फाडल्यासारखी. पुरुषभर उंचीच्या त्या आकृत्यांसमोर उभं राहिलं की आपलेच हात काळे झाल्यासारखे वाटतात. आणि प्रदर्शन संपलं की भिंतीला चुना. चित्र गेलं. लिलावात काय न्याल, भिंत?

वेल्समध्ये कार्डिफला ‘आर्टेस मुंडी’ नावाचा मोठा पुरस्कार देतात. २०२१ साली तो अंतिम यादीतल्या सहाही जणांना मिळून दिला गेला, त्यात पाचपुते होते. वेल्स हाही कोळशाचाच मुलूख. खाण बंद पडली की गावाचं काय होतं, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याला चंद्रपूर आठवतं ते मे महिन्यात, पारा सत्तेचाळिसावर गेला की. बाकी अकरा महिने तिथून वीज येते, तेवढं पुरतं.

आमच्या एका मेहुण्यांचा या सगळ्याला ठाम विरोध आहे. “यात मेहनत कुठेय?” त्यांच्या लेखी चित्र म्हणजे रांगोळीत काढलेले महाराज, हुबेहूब. मराठीत चित्राला ‘हुबेहूब’पेक्षा मोठी पदवीच नाही. चित्र पाहून आपण म्हणतो, अगदी फोटो वाटतो! मग महाबळेश्वरला जातो, पॉइंटवर उभे राहतो आणि म्हणतो, अगदी चित्र वाटतं! म्हणजे समोर जे आहे ते सोडून दुसरंच काहीतरी वाटलं की आपण खूश. मेहुण्यांना मी एवढंच म्हटलं, की भाऊजी, आजचे चित्रकार तेच करतायत, तुम्ही उगाच चिडताय.

बरं, ही मंडळी सामान तरी कुठून आणतात? आपल्याच घरातून. पाटण्याजवळच्या खगौलचे सुबोध गुप्ता स्टीलची भांडी घेतात. डबे, वाट्या, पातेली, तवे. २००६ साली त्यांनी या भांड्यांची एक भलीमोठी माणसाची कवटी केली, नाव ‘व्हेरी हंग्री गॉड’. पुढे ती व्हेनिसच्या कालव्याकाठी विराजमान झाली. मोबाइलवर तिचा फोटो बघताना आत्याने चष्मा पुसला. “भांड्यांवर नावं नाही घातलेली. म्हणजे लग्नात आलेली नाहीत. आणि एवढी घासतं कोण?” हा शेवटचा प्रश्न मी अजून कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचलेला नाही.

भारती खेर टिकल्या घेतात. जमिनीवर कोसळलेल्या हत्तिणीच्या अंगभर त्यांनी टिकल्या चिकटवल्या आणि २०१० साली लंडनच्या लिलावात तिला दहा लाख पौंडांच्या आसपास किंमत आली. कर्नाटकातल्या शीला गौडा कुंकू घेतात, शेण घेतात, केसांचे दोर घेतात. लांबच लांब दोरे सुयांतून ओवून, कुंकवात आणि डिंकात माखून त्यांनी जे भिंतीवर आणि जमिनीवर सोडलंय, ते लांबून नक्षी वाटतं आणि जवळून आतडं. घाटकोपरचे अतुल डोडिया दुकानाचं लोखंडी शटर घेतात. खाली असताना एक चित्र, वर सरकवलं की आत दुसरं. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००१ साली ती शटरं लागली. तिथल्या प्रेक्षकांना त्यासाठी चिठ्ठी वाचावी लागली असेल. ज्याने ९२-९३ च्या दंगलीत एका गल्लीतली सगळी शटरं धाडधाड खाली येताना ऐकलीत, त्याला चिठ्ठी कशाला हवी?

पण तो माणूस गॅलरीत येतच नाही. तो दारात चपला काढायच्या का, असं विचारत उभा आहे.

माझे लाडके मात्र तुषार जोग. २०१८ साली गेले, लवकर गेले. त्यांनी ‘युनिसेल’ नावाचं एक सार्वजनिक बांधकाम खातं काढलं होतं. खात्यात मंत्री, सचिव, अभियंता, शिपाई सगळे एकच, तुषार जोग. त्या काळात मुंबईचं शांघाय करायची टूम निघालेली. जो उठेल तो शांघाय. जोगांनी विचार केला असावा, की होणारच आहोत तर आधी बघून तरी येऊ. २०१० साली त्यांनी बुलेट काढली, तिला डॉन किहोटेच्या घोड्याचं नाव दिलं, रोसिनांते, आणि मुंबईहून निघाले ते शांघायला. वाट कुठली धरली? सरदार सरोवरावरून आणि चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणावरून. शहरं चकचकीत व्हायची तर कुणाची गावं पाण्याखाली जातात, हे सांगायला त्यांनी व्यासपीठ मागितलं नाही, पेट्रोल भरलं. आता याचं माध्यम काय लिहायचं? बुलेट? धूळ? कंबरदुखी? मला विचाराल तर गेल्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या विकासावर झालेलं ते सर्वात नेमकं भाष्य आहे, आणि त्याचा साधा फलक आपण कुठल्या चौकात लावलेला नाही. चौकात फलक कुणाचे असतात, ते तुम्ही रोज पाहताच.

सगळंच असं हसत हसत पाहता येत नाही. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांचं एक काम आहे, ‘पाण्याची जात कोणती?’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचं. पेल्यांच्या रांगा आणि त्यांत पंचगव्य. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि नंतर ते तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्य ओतण्यात आलं, हा इतिहास आपण शाळेत मराठी माध्यमातून शिकतो, चार मार्कांसाठी. पेल्यांच्या माध्यमातून शिकायची वेळ येत नाही. मी आत्याला फोटो दाखवला. या वेळी चष्मा पुसला नाही की शेरा मारला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तेव्हा आपल्या घरचे कुठल्या बाजूला उभे होते रे?”

मला माहीत नव्हतं. कुणी कधी सांगितलंही नव्हतं.

सगळी चूक चपलावाल्यांचीच नाही. गॅलऱ्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. पहिलं म्हणजे त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या. ‘लिमिनल’, ‘मटेरियॅलिटी’, ‘इंटरोगेट्स’. चित्र काहीतरी इंटरोगेट करतं म्हणे. गुन्हा काय ते चिठ्ठीत नसतं. मी एक अख्खी चिठ्ठी मराठीत करून सांगितली, तर आत्या म्हणाली, “आमच्याकडे असं पत्र आलं असतं, तर ‘मुद्दा स्पष्ट करावा’ असा शेरा मारून परत पाठवलं असतं.” शहर मुंबई, चित्रकार चाळीतला, कोळसा विदर्भातला, आणि भिंतीवर मराठीची एक ओळ नाही. दुसरं म्हणजे बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद. नोकरदार माणसाने जायचं कधी? डोंबिवलीहून अर्धी रजा टाकून? कारण काय लिहायचं, ‘इन्स्टॉलेशन’?

तिसरं, किंमत. ती भिंतीवर नसते. टेबलापाशी जाऊन हळू आवाजात विचारायची, आणि ती मुलगी त्याहून हळू आवाजात सांगते. विकलं गेलेल्या चित्राच्या शेजारी लाल टिकली लावायची पद्धत आहे. आत्या म्हणाली, “म्हणजे याचं लग्न ठरलं.”

उलटं करून दाखवणारेही झाले आहेत. सुधीर पटवर्धन घ्या. ठाण्यात तीसेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून लोकांच्या बरगड्या तपासल्या आणि उरलेल्या वेळात त्याच लोकांना कॅनव्हासवर आणलं. २००८ च्या सुमारास त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने आजच्या भारतीय चित्रकारांच्या कामांचं प्रदर्शन मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात फिरवलं. लोकांनी यायचं नाही, चित्रांनी जायचं. सोपी कल्पना. सोपी होती म्हणूनच बहुधा पुन्हा फारसं कुणी त्या फंदात पडलं नाही.

आणि आमच्या पिढीचा एक कबुलीजबाब. आम्ही जहांगीर आर्ट गॅलरीत पुष्कळदा गेलो. समोवारमध्ये. १९६४ पासून २०१५ पर्यंत ते उपाहारगृह तिथे होतं आणि आमचे निम्मे प्रेमभंग तिथल्या चहावर झाले. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर केमोल्ड ही गॅलरी होती. १९९२ साली नलिनी मलानी यांनी तिथल्या भिंतीच रंगवल्या. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ नाव. काही दिवस ते चित्र लोकांना पाहू दिलं आणि मग पुसून टाकलं. म्हणजे ते पाहायची संधी तेवढ्याच दिवसांत होती, परत नाही. आम्ही खाली बसून ‘मुंबईत काही घडत नाही’ यावर चर्चा करत होतो.

आता घडतं ते कळतं, पण पॅरिसमार्गे. शकुंतला कुलकर्णी अनेक वर्षं वेताचं काम करतात. टोपल्या-खुर्च्या विणतात त्या वेतापासून बाईच्या अंगाला चिलखत. रक्षण करतं आणि कोंडूनही घालतं. ते अंगावर चढवून त्या मुंबईतल्या रस्त्यांवर, सार्वजनिक जागांवर उभ्या राहिल्या, फोटो काढले. आमच्या घरात हे नाव पोचलं २०२४ मध्ये, दिओरच्या पॅरिसमधल्या फॅशन शोमध्ये त्यांच्या वेताच्या आकृत्या मधोमध उभ्या राहिल्या तेव्हा. पुतणीने फोन दाखवला. “काका, बघ ना, कुलकर्णी!” आडनावाचा आनंद. वेताकडे लक्ष नंतर गेलं.

माझं म्हणणं इतकंच, की पॅरिसची वाट पाहू नका. सर ज. जी. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन असतं, सीएसएमटी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. वीस-बावीस वर्षांची पोरं तिथे तारा, चिंध्या, जुने मॉनिटर, आजीची लुगडी असलं काय काय घेऊन बसलेली असतात. निम्मं फसलेलं असतं, ते फसलेलंही बघण्यासारखं. त्यांना काहीही विचारा, ती घडाघडा सांगतात, ‘लिमिनल’ अजून शिकायची असतात. गोव्याला गेलात तर पिळर्ण्याला सुबोध केरकर यांचं ‘म्युझियम ऑफ गोवा’ आहे. डॉक्टरकी सोडून समुद्रावर आणि शिंपल्यांत काम करणारा माणूस. बीचवरून परतताना तासभर काढा, काजू नंतर घ्या.

जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो. त्या दिवसांत कुलाबा-फोर्टातल्या गॅलऱ्या नवी प्रदर्शनं लावून पाहुण्यांची वाट बघत असतात. आत्या दर वर्षी येते. आता टेबलामागच्या मुलीला ती स्वतःच हाक मारते, “बाळ, जरा इकडे ये आणि हे काय आहे ते मराठीत सांग.” मुलगी येते. सांगतेही. बहुतेकदा ती नाशिकची नाहीतर साताऱ्याची निघते.

जहांगीर सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडं असतं. प्रवेश विनामूल्य. चपला काढायच्या नाहीत.